अकरा शिक्के आणि एक न्हाणीघर

३ सप्टेंबर, मंगळवार

आजपासून मी पुनर्रचना तयारी कक्षाचा प्रमुख. कक्ष म्हणजे मुख्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावरची जुनी स्टेशनरीची खोली, दोन टेबलं, एक संगणक आणि सार्जंट तोकुमारू बाई. खिडकीही आहे, पण ती कपाटामागे. कर्नल असाबुकी म्हणाले, "मेजर कुरेतानी, मार्चमध्ये आपली डिव्हिजन चपळ होणार आहे. तिला चपळ तुम्ही करायचं." कर्नल साहेब म्हणजे डिव्हिजनचे चीफ ऑफ स्टाफ. इतक्या मेजरांमधून त्यांनी मला निवडलं याचा अर्थ उघड आहे. पुढच्या बढतीच्या यादीत माझं नाव असणार. तोकुमारू बाईंना मी हे आडून आडून सुचवलं.

"आधी दोघा मेजर साहेबांना विचारलं होतं म्हणे," त्या म्हणाल्या. "दोघांची पाठ धरली होती."

छावणीत अफवा फार लवकर पसरतात.

काम असं आहे. सध्या आमच्याकडे पायदळाच्या तीन रेजिमेंट, तोफखाना, रणगाडे, इंजिनिअर, सिग्नल, टेहळणी, हेलिकॉप्टरं, विषारी वायूवाले, पुरवठा रेजिमेंट आणि बँड. एकूण माणसं सात हजार एकशे बावीस. मार्चनंतर रणगाडे जाणार, तोफखाना वरच्या आर्मीकडे जाणार, आणि एक पायदळ रेजिमेंट आठचाकी चिलखती गाड्यांत बसून हाक मारली की कुठेही धावणार. माणसं उरणार सहा हजार तीनशे चौदा. एक जास्त नाही, एक कमी नाही. आणि हे सगळं ए-थ्री आकाराच्या एकाच कागदावर बसलं पाहिजे, कारण जनरल साहेबांना पान उलटायला आवडत नाही.

(पायदळाला आम्ही खरं तर पायदळ म्हणत नाही, "सामान्य शाखा" म्हणतो. तोफखाना ही "विशेष शाखा". मुळात जपानच्या राज्यघटनेत सैन्य बसत नाही, म्हणून सैन्यालाच आम्ही सैन्य न म्हणता "स्वसंरक्षण दल" म्हणतो. पण डायरी कोण वाचणार आहे.)

१७ सप्टेंबर

रणगाडेवाले येऊन गेले. त्यांचे प्रमुख एक तास बसले आणि एकदाही रणगाडा हा शब्द उच्चारला नाही. हवामानावर बोलले, मुलीच्या लग्नावर बोलले, जाताना दारात थांबून म्हणाले, "कुरेतानी, निदान एक तरी." मी वाकून नमस्कार केला. तक्त्यात एक रणगाडा ठेवण्याची सोय नाही.

२१ ऑक्टोबर

चौदा माणसं जास्त होताहेत. तीन आठवडे झाले, आकडा सहा हजार तीनशे अठ्ठावीसवरून हलत नाही. जो तो आपल्या माणसाला चिकटून बसलाय. बँडमास्तरांनी मला कालच्या कार्यक्रमाची पहिल्या रांगेतली तिकिटं पाठवली होती. मी गेलो नाही. तरी आज त्यांनी वाटेत गाठून विचारलं, "काल तुतारी कशी वाटली?" मी छान म्हणालो. तुतारीवाला आजारी होता असं नंतर कळलं.

चिसातोला फोन केला. ती दूर कोकुरा शहरात, मी इथे डोंगराकडेच्या छावणीत, याला आता सहा वर्षं झाली. म्हणाली, "चौदा माणसं कमी करायची तर चौदांना जाऊन सांगायचं. एवढा काय घोळ?" बायकोला लष्करी कामकाजाची कल्पना नसते.

६ नोव्हेंबर

जुळलं! आज दुपारी साडेचार वाजता जुळलं!

तक्ता दोनशे बारा ओळींचा होता आणि कागदावर बसत नव्हता. मी खालचा अर्धा भाग कापून उजव्या बाजूला चिकटवला, बँडला पुरवठ्याच्या खालून काढून थेट मुख्यालयाखाली आणलं, चौकटी बारीक केल्या, आणि बेरीज बघतो तर सहा हजार तीनशे चौदा. माझा विश्वास बसेना. म्हणजे हे सगळं मांडणीवरच अडलं होतं. माणसं तेवढीच, मांडणी नीट केली की आकडा आपोआप खाली येतो. यावर एखादा लेख लिहायला हवा.

तोकुमारू बाई कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या. "साहेब, ओळी मोजल्या का?"

"बेरीज जुळली की ओळी कशाला मोजायच्या?"

"नाही, आधी दोनशे बारा होत्या."

"तोकुमारू बाई, जिंकल्यावर लढाई पुन्हा लढायची नसते."

संध्याकाळी स्टेशनजवळच्या गाडीवर रश्शात शिजवलेलं गरमागरम ओदेन आणि दोन बिअर. मुळ्याचा तुकडा आज विशेष मुरलेला होता.

१५ नोव्हेंबर

कागद शिक्क्यांच्या प्रवासाला निघाला. सहीऐवजी शिक्का मारायच्या अकरा चौकटी आहेत, पहिली माझी, अकरावी जनरल साहेबांची. माझा शिक्का मी नेहमीप्रमाणे किंचित डावीकडे कलवून मारला, म्हणजे तो पुढच्या साहेबांच्या शिक्क्याला वाकून नमस्कार करतोय असं दिसतं. हल्लीची पोरं सरळ शिक्के मारतात. उद्धटपणा आहे.

२९ नोव्हेंबर

अकराही शिक्के आले! एकानेही प्रश्न विचारला नाही. जनरल साहेबांनी "नेटका तक्ता" असे दोन शब्द बोलल्याचं कर्नल साहेबांनी सांगितलं. आज मला झोप लागणार नाही.

४ डिसेंबर

आज दुपारी दार वाजलं. सार्जंट मेजर उबुकाता आले होते. हातात टोपी, दुसऱ्या हातात बायकोने घातलेल्या मुळ्याच्या लोणच्याची पिशवी. पुरवठा रेजिमेंटमध्ये त्यांचं न्हाणीघराचं पथक आहे: दोन मोठे बॉयलर, दोन तंबू, लाकडी बाकं, घमेली, आणि दारावर लावायचा निळा पडदा, त्यावर पांढरा बगळा. पूर आला, भूकंप झाला की हे पथक शाळेच्या मैदानात जाऊन लोकांसाठी गरम पाण्याचं न्हाणीघर उभारतं. प्रत्येक डिव्हिजनचं असतं आणि प्रत्येकाचं आपलं नाव असतं. आमचं ते बगळा. उबुकाता वीस वर्षं त्याच्या बॉयलरपाशी आहेत. पुढच्या सप्टेंबरमध्ये निवृत्त होतील.

"साहेब, तक्ता फलकावर लागलाय. तीनदा वाचला," ते म्हणाले. "आम्ही नाही त्यात."

मी म्हणालो, कसं शक्य आहे, आणि तक्ता उघडला. पुरवठा रेजिमेंट, पुरवठा कंपनी, धान्य, इंधन, कपडे. कपड्यांनंतर थेट वाहन दुरुस्ती. मग मी जुना तक्ता काढला. कपडे आणि वाहन दुरुस्तीच्या मधे एक ओळ होती. न्हाणीघर, चौदा.

कापून चिकटवताना ती ओळ गळून पडली होती.

"आमचं काही चुकलं का, साहेब?" उबुकाता विचारत होते. "सरावात जनरल साहेबांना पाणी जास्त गरम लागलं होतं, ते मला माहीत आहे. चव्वेचाळीस होतं. बेचाळीस ठेवायला हवं होतं. पण ती चूक माझी, पोरांची नाही."

मी काय सांगणार? त्या कागदावर अकरा शिक्के आहेत. चूक म्हणावं तर ती अकरा जणांची, त्यात एक जनरल. मी म्हणालो, "उबुकाता, हा धोरणाचा भाग आहे."

"धोरण म्हणजे?"

"ते यथावकाश कळवण्यात येईल."

त्यांनी वाकून नमस्कार केला, लोणचं टेबलावर ठेवलं आणि गेले. मला स्वतःची लाज वाटली. लोणचं अजून उघडलेलं नाही.

५ डिसेंबर

चिसातोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग उद्या जाऊन सांगा, एक ओळ सुटली, माफ करा."

"कुणाला?"

"ज्यांनी शिक्के मारले त्यांना."

"म्हणजे दहा साहेबांना जाऊन सांगू की तुम्ही न वाचता शिक्का मारलात?"

ती म्हणाली, "तुमच्याकडे गोळ्या लागून माणसं मरत नसतील, पण या असल्याने मरत असतील."

९ डिसेंबर

हिंमत करून कर्नल साहेबांकडे गेलो. आडवळणाने म्हणालो, "न्हाणीघराबद्दल काही ठिकाणी विचारणा होतेय."

"हो," ते म्हणाले, "मलाही जरा आश्चर्य वाटलं होतं. पण म्हटलं, खाली नऊ शिक्के आहेत, कुणीतरी विचार केलाच असेल."

मग मी एकेकाला सहज म्हणून विचारत गेलो. दहापैकी आठ जणांच्या ते लक्षात आलं होतं! प्रत्येकाला वाटलं, आधीच्या शिक्क्याला माहीत असेल. बँडमास्तर तर म्हणाले, "मी बघितलं, आणि देवाचे आभार मानले की बँड नाही."

कर्नल साहेब शेवटी म्हणाले, "धोरण लेखी असलेलं बरं. जानेवारीपर्यंत द्या."

२० जानेवारी

धोरण लिहून झालं. "चपळ डिव्हिजनमधील शारीरिक स्वच्छता : स्थानिक साधनांचा पुनर्विचार". अठरा पानं. सारांश असा की आपल्या जिल्ह्यात दर चार किलोमीटरला सार्वजनिक न्हाणीघर किंवा गरम पाण्याचा झरा आहे, तेव्हा लष्कराने बॉयलर वाहून नेणं म्हणजे चपळतेला बाधा. लिहिता लिहिता मलाच पटत गेलं. कधीकधी वाटतं, ती ओळ माझ्या हातून उगाच गळली नसेल. आतून कुठेतरी मला हे सुचलेलंच असेल.

तोकुमारू बाईंनी टंकलेखन तपासलं. "पूर आला तर ही सार्वजनिक न्हाणीघरं पाण्याखाली जातील का, साहेब?"

"ती शक्यता पान चौदावर आहे."

"पान चौदावर तक्ता आहे."

"त्याच्या तळटीपेत."

१२ फेब्रुवारी

टोकियोहून पत्र. धोरण "विचारप्रवर्तक" वाटलं. आणखी दोन डिव्हिजनांनी प्रती मागवल्या आहेत. कर्नल साहेबांनी खांद्यावर हात ठेवला. उबुकाता वाटेत दिसले, मी दुसऱ्या जिन्याने गेलो.

१९ मार्च

पुढच्या आठवड्यात पुनर्रचना. साधनसामग्रीच्या वाटपाचे कागद तोकुमारू बाईंनी आणले, साठ पानं. मी झपाझप शिक्के मारत होतो. एका पानावर थबकलो. वाहन दुरुस्तीत चार माणसांचं एक धुलाई पथक आहे, त्याला उबुकाता आणि त्यांची तीन माणसं दिली आहेत. (बाकीचे दहा इकडेतिकडे.) त्यांच्यापुढे सामग्री होती : उष्ण जल यंत्रं दोन, मोठे तंबू दोन, लाकडी बाकं आठ, प्लास्टिकची घमेली साठ.

"गाड्या धुवायला साठ घमेली?"

"आठचाकी आहेत, साहेब. मोठ्या आहेत."

"आणि तंबू?"

"थंडीत धुणाऱ्यांना वारा लागतो."

विचारांती योग्य वाटलं. आमच्याकडे तपशिलाकडे लक्ष देणारी माणसं आहेत याचं समाधान वाटलं. शिक्का मारला.

२६ मार्च

समारंभ. रणगाड्यांच्या तुकडीने आपला झेंडा जनरल साहेबांना परत केला. त्यांचे प्रमुख रडले नाहीत, पण झेंडा सोडताना बोटं एकदम सुटली नाहीत. मग नवी रेजिमेंट आठचाकी गाड्यांवरून गेली. चपळ दिसत होती. न्हाणीघराला झेंडा नव्हताच, त्यामुळे परत करण्याचा प्रश्न आला नाही.

१२ जुलै

तीन दिवस अखंड पाऊस. पहाटे कुरोसे नदीचा बांध फुटला, कुरोसे गाव कौलांपर्यंत पाण्यात. गव्हर्नरांनी मदत मागितली आणि नवी डिव्हिजन पहिल्यांदा बाहेर पडली. माझ्या तक्त्यातल्या चौकटी हलताना बघून ऊर भरून आला. आठचाकी गाड्या चाळीस मिनिटांत निघाल्या आणि पुलाअलीकडच्या चिखलात रुतल्या. इंजिनिअरांनी त्या ओढून काढल्या.

१४ जुलै

मी मुख्यालयातच आहे, कागद बघतो. सगळी पथकं नेमून दिलेलं काम करताहेत. विशेष उल्लेख धुलाई पथकाचा. काल एका दिवसात जड वाहनं दोनशे तीन, मध्यम दोनशे चाळीस, हलकी एक्याऐंशी. मुळात आपल्याकडे हलकी वाहनं एक्याऐंशी नाहीत, बहुधा शेजारच्यांचीही धुतली असतील. सहकार्य यालाच म्हणतात. शिक्का मारून वर पाठवलं.

१५ जुलै

कर्नल साहेबांनी बोलावलं. चेहरा उतरलेला. शाळेच्या हॉलमध्ये सहाशे माणसं झोपताहेत, तीन दिवस अंगाला चिखल, आणि तीन सार्वजनिक न्हाणीघरं नदीत. गावच्या नगरपालिकेतून सारखा फोन येत होता : बगळा कधी पाठवता?

"कालपासून मात्र फोन बंद झालाय," कर्नल साहेब म्हणाले. "लोक चिडलेत वाटतं. आपलं धोरण काय सांगतं?"

मी म्हणालो, स्थानिक साधनं.

"मग उद्या तुम्हीच तिथे जा आणि त्यांना ते समजावून सांगा."

१६ जुलै

हे नीट लिहून ठेवलं पाहिजे.

अठरा पानांच्या शंभर प्रती घेऊन मी कुरोसेला गेलो. गावाच्या अलीकडेच गाडी अडली, पुढचं चिखलातून चालत. गुडघ्यापर्यंत नव्हे, कमरेपर्यंत. शाळेच्या मैदानाच्या कोपऱ्यात दोन तंबू होते, त्यांच्यावर वाफ, आणि एका तंबूवर निळा पडदा. बगळ्याचा. बाहेर बाकांवर बायका आपल्या नंबराची वाट बघत होत्या, मांडीवर टॉवेल. एक म्हातारी तंबूतून बाहेर आली, गाल लाल, केस ओले, माझ्याकडे बघून म्हणाली, "काय हो मेजर, असे चिखलाचं भूत होऊन काय उभे? जा की आत. तीन दिवसांनी मला मी माणूस असल्याचं आठवलं."

तेवढ्यात उबुकाता आले, हातात थर्मामीटर. मला बघून कडक सलाम.

"धुलाई चालू आहे, साहेब!"

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. दोनशे तीन जड वाहनं म्हणजे पुरुष. मध्यम म्हणजे बायका. हलकी वाहनं मैदानात पळत होती, एकाच्या अंगावर नुसताच टॉवेल.

"हे नोंदींचं..." मी म्हणालो.

"तोकुमारू बाईंनी शिकवलं. त्या म्हणाल्या, आपण पायदळाला सामान्य शाखा म्हणतो, तर आजीला मध्यम वाहन म्हणायला काय हरकत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "साहेब, मी तुमच्याबद्दल वाईट बोललो होतो. घरी. बायकोपाशी. मला वाटलं, तुम्ही आम्हाला मारलंत. तुम्ही तर लपवून जगवलंत. त्या कागदावर तुमचा शिक्का बघितला आणि मी..."

तेव्हा सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर होते : उबुकाता, माझ्याकडून एक ओळ सुटली, बाकी काही नाही. त्यांनी माझ्या हातात घमेलं दिलं आणि मी ते घेतलं.

पाणी बेचाळीस अंश होतं. शेजारी बसलेल्या शेतकऱ्याने न विचारता माझी पाठ चोळून दिली. मी फार वेळ पाण्यात बसलो. रडायला आलं, पण अंगावर पाणी असल्याने कुणाच्या लक्षात आलं नसावं. शंभर प्रती गाडीतच राहिल्या.

१ ऑगस्ट

मोहीम संपली. तोकुमारू बाईंची बदली, उत्तरेला. जाताना म्हणाल्या, "साहेब, बगळा आता तरी खऱ्या नावाने तक्त्यात घाला. खोटं नाव फार दिवस टिकत नाही."

"तुम्हाला ती ओळ गळाल्याचं पहिल्याच दिवशी कळलं होतं ना?"

"मी विचारलं होतं, ओळी मोजल्या का."

"स्पष्ट का नाही सांगितलंत?"

"तुम्ही एवढे खूश होता," त्या म्हणाल्या.

६ ऑगस्ट

प्रस्ताव लिहिला. एक पान. "नोव्हेंबरच्या तक्त्यात अधोस्वाक्षरीकाराच्या निष्काळजीपणामुळे न्हाणीघर पथकाची ओळ सुटली. ती पुन्हा घालावी." मजकूर बरा झालाय. उद्या देतो.

७ ऑगस्ट

कर्नल साहेबांकडे गेलो तर त्यांनीच आधी हात पुढे केला. अभिनंदन! गव्हर्नरांचं आभारपत्र आलं आहे. जनरल साहेबांना वाटतं की आपण बगळा दूरदृष्टीने धुलाई पथकात राखून ठेवला होता, आणि कर्नल साहेबांनी त्यांना ते तसंच वाटू दिलं. माझ्या नावाची शिफारस गेली आहे.

मी खिशातला कागद दिला. त्यांनी तो उभ्यानेच वाचला, हळूच चार घड्या घातल्या आणि माझ्या खिशात परत ठेवला.

"कुरेतानी, याने कुणाचं भलं होणार आहे? तुमचं नाही. दहा लोकांचं नाही. आणि न्हाणीघर तर चालूच आहे!"

खरं आहे. न्हाणीघर चालूच आहे. मला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचाच राग आला.

९ सप्टेंबर

टोकियोहून जाड लिफाफा. आमच्या धुलाई पथकाने एकोणीस दिवसांत नऊ हजार आठशे साठ वाहनं धुतली, चार माणसांनी, जुनाट सामग्रीवर. देशात असा आकडा कुणाचाच नाही. तेव्हा विशेष बाब म्हणून आमच्या डिव्हिजनला पूर्ण स्वयंचलित वाहन धुलाई यंत्र मंजूर झालं आहे. फिरते ब्रश, थंड पाण्याचा उच्च दाब, ताशी चाळीस वाहनं. नियमानुसार नवं आल्यावर जुनी सामग्री मोडीत जमा करायची : उष्ण जल यंत्रं दोन, तंबू दोन, बाकं आठ, घमेली साठ.

मी धावत कर्नल साहेबांकडे गेलो. त्यांनी पत्र दोनदा वाचलं.

"नको म्हणता येणार नाही?" मी विचारलं.

"काय कारण देणार? की ती वाहनं नव्हती?"

आम्ही दोघेही बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसलो. त्यांच्या खोलीत खिडकी आहे.

२० सप्टेंबर

उबुकातांचा वाढदिवस, म्हणजे निवृत्तीचा दिवस. फाटकापर्यंत दोन्ही बाजूंनी लोक उभे राहिले, बँड वाजला. मोडीचा हुकूम त्यांना कळलेला होता. माझ्यापुढे थांबले आणि म्हणाले, "तुम्ही केलंत तेवढं खूप केलंत, साहेब. वरूनच आलं तर कोण काय करणार."

त्यांचा हात माझ्या हातात होता. मी "तब्येतीला जपा" म्हणालो.

३ ऑक्टोबर

यंत्राचं उद्घाटन. जनरल साहेबांनी फीत कापली. पहिली आठचाकी गाडी आत गेली, ब्रश फिरले, गाडी चकाचक होऊन बाहेर आली, सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी मागच्या फाटकातून ट्रक बॉयलर घेऊन गेला. मोडीच्या पावतीवर माझाच शिक्का लागत होता.

बढतीची यादीही आजच लागली. माझं नाव आहे. चिसातोला कळवलं. "अभिनंदन," ती म्हणाली. एवढंच.

१८ ऑक्टोबर

उशिराचं वादळ. दुपारी कुरोसेचा तात्पुरता बांध पुन्हा वाहून गेला. चारच्या सुमारास माझ्या टेबलावरचा फोन वाजला. कुरोसे नगरपालिकेतला कारकून, आवाज बसलेला, मागे लहान मुलांचा गलका.

"मेजर साहेब, आम्ही पुन्हा शाळेत. चारशे आहेत आत्ता. मैदानाचा कोपरा झाडून ठेवलाय. बगळा निघाला का?"

मी म्हणालो, आता तसं पथक नाही.

"नाही कसं? जुलैत होतं की. वाहनांच्या नावावर पाठवा, आम्हाला चालेल. आम्ही सगळे वाहनं व्हायला तयार आहोत."

"ती सामग्रीच गेली. आता यंत्र आहे. ब्रशवालं. थंड पाण्याचं."

मलाच राहवेना. समोर तक्ता होता, सहा हजार तीनशे चौदा, आणि त्यात त्याला द्यायला एक चौकट नव्हती. आणि मग वर्षभर जे दहा साहेबांपुढे, उबुकातांपुढे तोंडातून निघालं नाही ते त्या अनोळखी माणसापुढे निघालं. म्हणालो, "ऐका. चूक माझी आहे. तक्ता करताना माझ्याकडून एक ओळ सुटली. धोरण वगैरे काही नव्हतं. फक्त माझी चूक. मला माफ करा." फोनवर असूनही मी उभा राहून, कमरेत वाकून म्हणालो.

पलीकडे कुणीतरी त्याला काहीतरी विचारलं, त्याने थांबा म्हटलं, आणि पुन्हा फोनवर आला.

"ते असू द्या, साहेब," तो म्हणाला. "गरम पाणी किती वाजता येईल तेवढं सांगा."